डोळ्यांना न दिसणारा रोग आणि बेण्याची परीक्षा



गेल्या हंगामात आमच्या शेतकी विभागावर एक अवघड प्रसंग आला. तो प्रसंग आधी सांगतो, आणि त्यामागचे शास्त्र मागाहून. शास्त्र आधी सांगायला बसले की निम्मे वाचक पान उलटतात, हा आमचा जुना अनुभव आहे.

आपल्या कार्यक्षेत्रात एक वयस्कर सभासद आहेत. गावात लहानथोर सगळे त्यांना तात्या म्हणतात, आपणही तात्याच म्हणू. तात्यांचा बेणेमळा पंचक्रोशीत नावाजलेला. ऊस जाड, कांडी लांब, पाला हिरवागार, रानात औषधालासुद्धा तण सापडायचे नाही. बेणे तात्यांकडचे म्हटले की घेणारा डोळे झाकून घ्यायचा. आमच्या गट ऊस अधिकाऱ्यांनीही मागची दोन वर्षे बांधावरून पाहणी करून तो मळा पसंत केला होता. गेल्या हंगामात मात्र शेतकी विभागाने ठरविले की, नोंदलेल्या बेणेमळ्यांतील उसाचे नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्यावयाचे आणि मगच बेणे वाटावयाचे. तात्यांच्या मळ्यातून वीस उसांचे बुडखे गेले. अहवाल आला: वीसपैकी सहा उसांत खोडवा खुरटण्याचा रोग.

हे सांगायला आम्ही गेलो तेव्हा तात्या गोठ्यात धार काढीत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चरवी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "चला साहेब, दावा मला, कुठं हाय त्यो रोग."

मळ्यात गेलो. दाखविण्यासारखे तिथे काहीच नव्हते. ऊस वाऱ्यावर डुलत होता. तात्यांनी सरीतून एक फेरी मारली आणि म्हणाले, "मला दिसंना, तुमाला बी दिसंना. मग त्या लॅबोरेटरीतल्या पोरांस्नी कसा दिसला?"

प्रश्न रास्त होता. बांधावर उभे राहून आम्हांला त्याचे उत्तर नीट देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

रोग कसला?

या रोगाला शेतकी खात्यात इंग्रजी आद्याक्षरांवरून 'आर. एस. डी.' म्हणतात. तो प्रथम लक्षात आला ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात, 1944-45 च्या कोरड्या हंगामात. तेथे क्यू 28 नावाच्या वाणाचा खोडवा काही केल्या उठेना. लागण बरी, खोडवा खुरटा, म्हणून रोगाला नावही तेच पडले. पुढे जगातील बहुतेक ऊसपट्ट्यांत तो सापडला. आपला देशही त्याला अपवाद नाही.

जवळजवळ तीस वर्षे शास्त्रज्ञांची समजूत होती की हा विषाणूचा रोग आहे. 1973 मध्ये शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली उसाच्या रसात एक अतिसूक्ष्म जिवाणू दिसला, आणि 1980 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी तो उसाबाहेर, काचेच्या बशीत वाढवून दाखविला. तेव्हा खरा चोर हाती लागला.

हा जिवाणू उसाच्या पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत राहतो. पाटाच्या तोंडाला गाळ साचावा तसा प्रकार होतो. पाणी मुबलक असेल तोवर ऊस तग धरतो आणि वरून निरोगी दिसतो. पाण्याचा ताण पडला की वाढ खुंटते, कांडी आखूड होते, आणि खोडव्यागणिक टनेज उतरत जाते. पानावर डाग नाही, शेंड्याला काणीसारखा चाबूक नाही, बुडाला गवताळ फुटवा नाही. पक्व ऊस चिरला तर कांडीच्या पेऱ्याशी कधीकधी नारिंगी-तांबूस बारीक ठिपके दिसतात. पण ते प्रत्येक वाणात दिसतातच असे नाही, आणि दुसऱ्या कारणांनीही तसे ठिपके येऊ शकतात.

मग आपण काय म्हणतो? "रान थकलं." "वाण बिघडला." "यंदा खत लागू पडलं नाही." वाण बिघडला म्हणून आपण ज्याच्या नावाने बोटे मोडतो, तो कित्येकदा बिघडलेला नसतो. त्याच्या बेण्यातून रोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो.

ओळखणारा कोण?

आता तात्यांच्या प्रश्नाकडे वळू. जे डोळ्यांना दिसत नाही ते ओळखायचे कसे?

आपण गाई-म्हशींना लाळ-खुरकुताची लस टोचून घेतो. त्या लशीत रोगाचा मारलेला विषाणू असतो. जनावराचे रक्त त्याला परका म्हणून ओळखते आणि त्याच्याविरुद्ध एक खास प्रथिन तयार करते. त्याला म्हणतात प्रतिपिंड. प्रत्येक प्रतिपिंडाचे काम ठरलेले. ज्या परक्यासाठी ते तयार झाले, त्याच्याच अंगावरच्या विशिष्ट प्रथिनाच्या घडणीला ते जाऊन चिकटते. शेजारी दुसरी दहा प्रथिने असली तरी सहसा त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाही. संध्याकाळी रानातून सुटलेला बैल गावातल्या शंभर गोठ्यांतून बरोबर आपल्याच दावणीला जाऊन उभा राहतो, तसे हे आहे.

प्रयोगशाळेत याच गुणाचा उपयोग करून घेतात. उसातील जिवाणू वेगळा काढून, मारून, तो सशाला टोचतात. काही आठवड्यांनी सशाच्या रक्तात त्या जिवाणूविरुद्धचे प्रतिपिंड तयार होतात. ते रक्तजल म्हणजे रोग हुडकण्याचे साधन. जिवाणू हाती लागला म्हणूनच असे खात्रीचे रक्तजल करणे सोपे झाले, हे 1980 च्या शोधाचे महत्त्व. 1975 मध्ये केंब्रिज येथे क्योलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी एकाच जातीचा प्रतिपिंड प्रयोगशाळेत हवा तितका पैदा करण्याची रीत शोधली, आणि 1984 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

घुंगराची युक्ती

पण एक अडचण राहतेच. प्रतिपिंड जिवाणूला चिकटला, हे कळायचे कसे? तोही डोळ्यांना दिसत नाही. अंधाऱ्या गोठ्यात बैल आपल्या दावणीला आला की नाही, हे दिवा नसताना कसे ओळखाल? त्याच्या गळ्यात घुंगूर बांधाल. प्रयोगशाळेनेही तेच केले.

पहिले घुंगूर बांधले अमेरिकेतील रोझलिन यालो आणि सॉलोमन बेर्सन यांनी. मधुमेहाच्या रोग्यांना त्या काळी गाई-डुकरांपासून काढलेले इन्सुलिन टोचत. त्या इन्सुलिनविरुद्धही रोग्यांच्या रक्तात प्रतिपिंड तयार होतात, हे या दोघांनी दाखविले. मग किरणोत्सर्गी आयोडीनची खूण लावून रक्तातील अतिसूक्ष्म इन्सुलिन मोजण्याची रीत त्यांनी 1960 च्या सुमारास बसविली. बेर्सन 1972 मध्ये वारले. यालोबाईंना 1977 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

किरणोत्सर्गी पदार्थ हाताळणे मात्र सोपे काम नव्हे. 1971 मध्ये स्वीडनमध्ये एव्हा एंगव्हाल आणि पीटर पर्लमान यांनी घुंगूर बदलले. किरणोत्सर्गी खुणेऐवजी त्यांनी प्रतिपिंडाला एन्झाइम जोडले. विरजणाने दुधाचे दही व्हावे, तसे एन्झाइम एका पदार्थाचे रूपांतर दुसऱ्यात घडवून आणते. असा पदार्थ घ्यावयाचा की जो मुळात बिनरंगी आहे आणि एन्झाइम लागताच रंगीत होतो. रंग आला, म्हणजे घुंगूर वाजले. त्याच सुमारास हॉलंडमधील संशोधकांनीही स्वतंत्रपणे हीच वाट शोधली. या रीतीला 'एलायझा' म्हणतात. 1977 मध्ये इंग्लंडमधील क्लार्क आणि ॲडम्स यांनी ती वनस्पतींच्या विषाणूंसाठी वापरून दाखविली, आणि ती शेतीच्या दारी आली.

आज हीच युक्ती आपल्या घराघरांत आहे, फक्त नाव माहीत नाही. दिवस गेलेत की नाही हे सांगणारी औषधाच्या दुकानातील पट्टी प्रतिपिंडावरच चालते. 2020-21 च्या कोरोनात नाकातील नमुना घेऊन पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देणारी पट्टीही तीच. आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या कापूस उत्पादक बांधवांना तर ती बियाण्यात भेटली. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बाजारात खोट्या बियाण्याचा सुळसुळाट झाला, तेव्हा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटीचे प्रथिन ओळखणारा तपासणी संच तयार केला. पिशवीवर काहीही छापलेले असो, बियात वा पानात ते प्रथिन आहे की नाही, हे त्यावरून कळू लागले.

तात्यांच्या उसाचे काय केले?

नमुना घेताना पक्व उसाचा अगदी बुडाकडचा भाग घेतात, कारण जिवाणूंची दाटी तिथे जास्त असते. त्याची चकती कापून एका पांढऱ्या, कागदासारख्या पातळ पडद्यावर दाबतात. ठसे पत्र्यावर अंगठा उठावा, तसा चकतीतल्या नळ्यांचा ठसा पडद्यावर उठतो. नळ्यांत जिवाणू असतील तर तेही तिथे चिकटून राहतात.

मग तो पडदा साय काढलेल्या दुधाच्या भुकटीच्या पाण्यात बुडवतात. हे ऐकून तात्यांना हसू आले होते, "म्हंजी दूध हितं बी लागतंय का!" लागते. पडद्यावरची रिकामी जागा दुधातील प्रथिनांनी भरून निघते, म्हणजे प्रतिपिंडाला भलत्याच ठिकाणी चिकटायला जागा उरत नाही.

त्यानंतर सशाचे प्रतिपिंड सोडतात. जिवाणू असेल तिथे ते धरून बसतात. पडदा नीट धुतात. दावणीला बांधलेला बैल राहतो, मोकळा असेल तो निघून जातो. मग दुसरा प्रतिपिंड, जो सशाच्या प्रतिपिंडालाच ओळखतो आणि ज्याच्या गळ्यात एन्झाइमचे घुंगूर आहे. पुन्हा धुणे. शेवटी रंगाचा पदार्थ. जिथे जिवाणू होता तिथे निळसर ठिपके उमटतात, जिथे नव्हता तिथे चकती कोरी राहते. भिंगातून पाहून ठिपके मोजले की उसाला रोग किती भिनला आहे याचाही अंदाज येतो. अमेरिकेतील लुईझियाना राज्याच्या कृषी केंद्रात 1997 पासून बेण्याचा ऊस अशाच ठशांच्या रीतीने तपासला जात आहे.

यात एक नियम कसोशीने पाळावा लागतो. प्रत्येक पडद्यावर एक ठसा खात्रीने निरोगी उसाचा आणि एक खात्रीने रोगट उसाचा असावाच लागतो. निरोगी ठशाला रंग आला किंवा रोगट ठसा कोरा राहिला, तर त्या दिवसाची सगळी तपासणी रद्द. काट्यावर गाडी घेण्यापूर्वी प्रमाण वजने ठेवून काटा तपासावा, तसेच हे. आपल्या सभासदांना काट्याचे महत्त्व आम्ही सांगावयास नको.

परीक्षेच्या मर्यादा

आता जे सांगावयाचे ते अधिक महत्त्वाचे आहे. ही परीक्षा म्हणजे देवाचा कौल नव्हे.

पहिली गोष्ट, कोवळ्या उसात जिवाणू थोडे असतात आणि परीक्षा त्यांना चुकवू शकते. म्हणून नमुना पक्व उसाचाच हवा. जीन तपासणारी पीसीआर परीक्षा याहून तिखट आहे, पण तिला खर्च आणि साधनेही जास्त लागतात.

दुसरी गोष्ट, क्वचित एखादे परके प्रथिन प्रतिपिंडाला फसवते. अशा वेळी दुसऱ्या रीतीने खात्री करून घ्यावी लागते. प्रथिनांच्या बाबतीत एक रीत अशी की, ती आधी आकारमानाप्रमाणे वेगळी करावयाची, मग पडद्यावर घेऊन प्रतिपिंड लावावयाचा. म्हणजे प्रथिन चिकटले एवढेच नव्हे, तर ते योग्य मापाचे आहे का, हेही कळते. ही रीत 1979 ची. तिला 'वेस्टर्न ब्लॉट' म्हणतात, आणि त्या नावाचा पश्चिमेशी काडीइतका संबंध नाही. त्याआधी सदर्न आडनावाच्या शास्त्रज्ञाने डीएनएसाठी अशीच रीत काढली होती. त्या आडनावाचा अर्थ दक्षिणेकडचा, म्हणून पुढच्यांनी थट्टेने दुसरी दिशा घेतली, एवढेच.

तिसरी गोष्ट हिशोबाची आहे, ती प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. समजा, मळ्यात शंभरांपैकी पाच उसांना रोग आहे आणि आपण वीसच ऊस तपासले. तर अशा तपासणीत साधारण तीनांतून एका वेळी एकही रोगट ऊस हाती लागणार नाही, आणि अहवाल 'निरोगी' येईल. तेच साठ ऊस तपासले, तर अशी चूक वीसांतून एखाद्या वेळीच होईल. म्हणून 'निरोगी' अहवालाचा अर्थ 'तपासलेल्या उसांत रोग सापडला नाही' एवढाच घ्यावा. आणि म्हणूनच नमुन्याचे चार ऊस कमी दिले, म्हणजे आपण प्रयोगशाळेला फसविले असे समजू नये. फसतो तो बेणे घेणारा.

चौथी गोष्ट, ही परीक्षा ज्या रोगाचा प्रतिपिंड वापरला त्याच रोगाबद्दल बोलते. मोझॅक आणि पिवळ्या पानाचा रोग हे विषाणूंचे. त्यांचे प्रतिपिंड वेगळे, आणि नमुनाही पानाचा. गवताळ वाढीसाठी बहुधा पीसीआरच करावी लागते.

आपण काय करावयाचे?

परीक्षा रोग दाखवते, बरा करीत नाही. उसाच्या आत बसलेल्या या जिवाणूवर रानात फवारण्याचे औषध नाही. उपाय आहे तो बेण्यात.

बेण्याच्या टिपऱ्यांना 50 अंश सेल्सियस गरम पाण्यात दोन तास ठेवले किंवा दमट गरम हवेची प्रक्रिया दिली, तर जिवाणू बराचसा मरतो. उगवण थोडी कमी होते, ती धरूनच चालावे. पण सगळाच जिवाणू मरेल याची हमी नाही. म्हणून प्रक्रिया केलेल्या बेण्याचा ऊस तयार झाला की तो पुन्हा तपासावयाचा. विषाणूंचे रोग या उष्णतेने जात नाहीत. त्यांसाठी शेंड्यातील अगदी सूक्ष्म कोंबापासून ऊतिसंवर्धनाने रोपे करावी लागतात, आणि तीही तपासूनच घ्यावी लागतात. मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित अशा तीन पायऱ्यांनी बेणे वाढविण्याची जी पद्धत आहे, तिचा सारा भार पहिल्या पायरीच्या शुद्धतेवर आहे. दर तीन-चार वर्षांनी बेणे बदला, असे आम्ही सांगतो ते याचसाठी.

आणि कोयता! हा रोग वाऱ्याने फारसा जात नाही, तो जातो बेण्यातून आणि पात्यावरून. रोगट उसाचा रस पात्याला लागला की पुढचे निरोगी बेट बाधित होते. तेव्हा बेणे तोडताना निदान एवढे करावे: कोयता आधी पाण्याने धुवून चिकटलेला रस-चोथा काढावा, मग लायसॉलच्या द्रावणात काही मिनिटे बुडवून ठेवावा. दोन कोयते आळीपाळीने वापरले तर काम थांबत नाही. टोळीच्या मुकादमाला हे समजावून सांगणे मळेवाल्याचे काम आहे. टोळी एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात शिरताना तर कोयते धुतल्याशिवाय सरीत पाऊल टाकू देऊ नये.

पुन्हा तात्यांकडे

हे सगळे आम्ही त्या दिवशी तुटक-तुटक सांगितले. तात्या बराच वेळ बांधावर बसून राहिले. त्यांना टनेजची चिंता नव्हती. त्यांनी आदल्या वर्षी याच मळ्यातले बेणे लेकीच्या सासरी दिले होते, जावयाने खुशीने दोन एकर लागण केली होती. यंदाही तिघांना शब्द दिलेला होता. ते म्हणाले, "साहेब, ऊस माझा हाय, त्यो गव्हाणीत जाईल, त्याचं काय न्हाई. पर लोकांनी माज्या तोंडाकडं बघून बेणं नेलं."

आम्हांलाही त्यात मान खाली घालावी लागली, कारण दोन वर्षे बांधावरून बघून त्या मळ्याला पसंती देणारे आम्हीच होतो. डोळ्यांवर विसंबण्याची चूक त्यांची जेवढी, तेवढी आमची.

तात्यांनी मळा गाळपाला दिला. साखर कारखान्यात त्या उसाला काही बाध नव्हता, बेणे म्हणून मात्र एक टिपरीही बाहेर गेली नाही. आठ दिवसांत ते स्वतः एस. टी. ने लेकीच्या गावी जाऊन आले, जावयाला सर्व सांगितले. त्या दोन एकरांचा खोडवा बेण्याला वापरायचा नाही, असे तिथे ठरले. शब्द दिलेल्या तिघांकडेही ते आपणहून गेले. आता त्यांच्या रानात उष्ण प्रक्रिया केलेल्या बेण्याची नवी लागण उभी आहे, आणि परवा ते गट कार्यालयात विचारायला आले होते, "नमुने कदी नेताय? औंदा वीस नगं, साठ न्या."

ज्या सभासदांना येत्या लागणीसाठी बेणे द्यावयाचे आहे, त्यांनी आपल्या बेणेमळ्याची नोंद गट कार्यालयात करावी, आणि नमुने घेण्यास आलेल्या कर्मचाऱ्यांस मळ्याच्या चारही कोपऱ्यांतून व मधूनही ऊस काढू द्यावेत. ज्यांना बेणे घ्यावयाचे आहे, त्यांनी मळा जरूर पाहावा, पण त्याचा तपासणी अहवालही मागावा. अहवाल मागितला म्हणून कुणी रागावू नये. तात्या तर आता तो न मागताच दाखवतात.